वळण आणि प्रसाद : लेखनातील अभ्यासाचा प्रश्न

१

एखाद्या मुलीविषयी आपण ‘तिला चित्रे काढता येतात’ असे म्हणतो. कवितेविषयी बोलताना मात्र क्रियापद बदलते. कविता ‘सुचते’ किंवा ‘होते’. ‘मला ही कविता येते’ या वाक्याचा अर्थ ती मला पाठ आहे एवढाच होतो. पहिल्या वाक्यात कमावलेल्या सामर्थ्याचा निर्देश आहे. कविता ‘सुचते’ असे म्हटले की कवी हा कर्ता राहत नाही, त्याच्या ठायी काही घडते एवढेच सांगितले जाते. इतर कलांच्या सरावासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गायकाचा रियाज, मल्लाची मेहनत, नटाची तालीम, बालकाने गिरवलेला कित्ता, आणि या सर्वांच्या फलस्वरूप ‘गळा तयार होणे’, ‘हात बसणे’, ‘वळण लागणे’ हे वाक्प्रचार आपल्या नित्य वापरातले आहेत. साहित्यिक लेखनाच्या सरावाला असा स्वतंत्र शब्द मिळालेला नाही. ‘कविता करणे’ हा जुना प्रयोग आहे खरा, परंतु आज तो बहुधा थट्टेच्या सुरात ऐकू येतो.

केवळ भाषिक प्रयोगांच्या आधारे कलाव्यवहाराविषयी निर्णायक विधान करता येणार नाही, हे मान्य आहे. पण हे प्रयोग एका खोलवर रुजलेल्या समजुतीची खूण म्हणून वाचता येतात. चित्रकला शिकता येते, लेखन उपजत असावे लागते, अशी ती समजूत आहे. चित्र काय किंवा लेखन काय, निसर्गदत्त देणगीवर अवलंबून असते की सरावावर, असा प्रश्न विचारला की ‘दोन्हींवर’ असे तडजोडीचे उत्तर दिले जाते. ते चुकीचे नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. दोन कलांना आपण दोन वेगळी मापे का लावतो हा प्रश्न त्या उत्तरानंतरही तसाच शिल्लक राहतो. या भेदाचे कारण त्या कलांच्या स्वरूपात कमी आणि त्यांच्या अभ्यासाच्या दृश्यतेत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. चित्राचा अभ्यास कागदावर दिसतो. लेखनाचा अभ्यास पुष्कळदा दृष्टीआड होतो, आणि जो अभ्यास आपल्याला दिसला नाही त्यालाच आपण प्रतिभा हे नाव देऊन मोकळे होतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पनवेल परिसरातल्या कोणत्याही शाळेत शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची, तयारी चालू असताना डोकावून पाहावे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे तिथले परिचित विषय आहेत. मुलाने काढलेल्या हंड्याच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती चुकली तर कलाशिक्षक त्याला दृष्टिपातळी समजावून देतात आणि तीच आकृती पुन्हा काढायला लावतात. ‘तुला प्रतिभा नाही’ असे त्या तासाला कोणी म्हणत नाही. तोच मुलगा पुढच्या तासाला निबंध लिहितो, आणि त्याच्या वहीत ‘भाषा कृत्रिम’, ‘कल्पनाशक्ती कमी’ असे शेरे येतात. पहिल्या तासाला चुकीचे कारण आणि तिच्यावरचा उपाय दोन्ही सांगितले जातात, दुसऱ्या तासाला केवळ निकाल दिला जातो. महाविद्यालयात मराठी शिकवणारे आपण सर्व या दुसऱ्या तासाचे वारसदार आहोत.

२

आपल्या या व्यवहाराला संस्कृत काव्यशास्त्राचा आधार आहे असा एक समज आहे. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांत काव्यहेतूंचा विचार बहुधा ‘प्रतिभा प्रधान, व्युत्पत्ती आणि अभ्यास गौण’ या एका सूत्रात संपतो. हेमचंद्राचे मत या सूत्राच्या जवळ जाणारे आहे. प्रतिभा हेच कारण, व्युत्पत्ती आणि अभ्यास तिच्यावर संस्कार करणारे, असे तो मानतो. परंतु शास्त्रातला समग्र विचार इतका एकरेषीय नाही.

दण्डीने ‘काव्यादर्शा’त नैसर्गिक प्रतिभा, विपुल व निर्मळ श्रुत आणि अथक अभियोग अशी तीन कारणे एकत्र सांगितली. त्यापुढे जाऊन, पूर्ववासनेतून आलेली प्रतिभा नसली तरी श्रुत आणि यत्न यांनी उपासिलेली वाणी काहीतरी अनुग्रह करतेच, अशी ग्वाही तो देतो. या अनुग्रहाचे माप त्याने वाढवून सांगितलेले नाही. कवित्व कृश असले तरी श्रम केलेल्याला विदग्धांच्या गोष्टीत वावरता येते, इतकेच त्याचे म्हणणे आहे. पण दार बंद करण्याचे त्याने नाकारले, हे महत्त्वाचे आहे.

मम्मटाची भूमिका अधिक काटेकोर आहे. शक्ती हे कवित्वाचे बीज, तिच्याविना काव्य निर्माण होत नाही आणि झालेच तर उपहासास पात्र ठरते, असे तो स्पष्ट म्हणतो. मात्र शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांना मिळून त्याने ‘हेतु’ हे एकवचन योजले आहे, आणि हे तीन हेतू नसून तिघांचा मिळून एक हेतू आहे असा खुलासाही केला आहे. हा वचनभेद म्हणजे नुसता व्याकरणाचा बारकावा नव्हे. तिघांपैकी एकाला बाजूला काढून त्याचे वजन करण्याचा प्रकारच मम्मटाला मान्य नाही, असा त्याचा अर्थ आहे. अभ्यासाची त्याने केलेली व्याख्याही लक्षात घेण्याजोगी आहे. अभ्यास म्हणजे एकांतातली घोकंपट्टी नव्हे. जे काव्य जाणतात त्यांच्या शिकवणुकीखाली पुनःपुन्हा केलेली रचना म्हणजे अभ्यास. अभ्यासाच्या कल्पनेतच दुसरा माणूस, चूक दाखवणारा जाणकार, गृहीत आहे.

सर्वांत उद्बोधक स्थान जगन्नाथ पंडिताचे आहे. सतराव्या शतकातल्या या प्रकांड पंडिताने ‘रसगंगाधरा’त केवळ प्रतिभा हेच काव्याचे कारण ठरवले. प्रतिभावाद्यांना हा आपला माणूस वाटतो. पण लगेच पुढे तो त्या प्रतिभेचे कारण शोधतो आणि दोन पर्याय देतो. कधी देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने उत्पन्न झालेले अदृष्ट, तर कधी असामान्य व्युत्पत्ती आणि काव्यरचनेचा अभ्यास. म्हणजे प्रतिभेला एकमेव कारण मानणाऱ्या शास्त्रकारानेही ती अभ्यासातून उपजू शकते हे मान्य केले आहे. आपल्या टिपणांतून नेमका हा दुसरा पर्याय गळला.

इ. स. ९००च्या सुमारास झालेला आणि आपल्या घराण्याचे महाराष्ट्राशी नाते सांगणारा राजशेखर तर कवीचा दिवसच आखून देतो. ‘काव्यमीमांसे’तील कवीचा दिवस चार प्रहरांचा आहे. पहिल्या प्रहरात विद्यांचे अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी आणि चौथ्यात सकाळी लिहिलेल्या काव्याची परीक्षा. ही परीक्षा का हवी याचे त्याने दिलेले कारण आधुनिक वाटावे असे आहे. रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याजवळ विवेचक दृष्टी नसते, म्हणून नंतर तपासावे. कवीजवळ फळा आणि खडू असावा, ही सूचनाही त्याच ग्रंथात आढळते. खडूने लिहिलेले पुसता येते. कवीला पुसण्याचे साधन जवळ ठेवायला सांगणारी ही परंपरा आयत्या स्फूर्तीवर विसंबणारी होती, असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल.

३

मराठी परंपरेत हा प्रश्न एकाच ग्रंथात दोन तोंडांनी बोलतो. तो ग्रंथ दासबोध. आमच्या रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यातली शिवथरघळ ही त्याची जन्मभूमी मानली जाते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचे नाव ‘शिकवण’ आणि त्यातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. येथे लेखन म्हणजे अक्षर काढणे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, ओळी मोत्यांच्या माळेसारख्या चालाव्यात, पहिले अक्षर जसे तसेच ग्रंथ संपेपर्यंतचे अक्षर असावे, या रामदासांच्या अपेक्षा आहेत. लेखणी, शाई, समास सोडण्याची रीत, ओळींमधले अंतर या सर्वांचा त्यात विचार आहे. लेखन आणि चित्र यांच्या सीमेवर उभा असलेला हा समास आहे, आणि त्यात प्रतिभेला जागाच नाही. आहे तो हात, डोळा आणि घोटून घोटून आलेले वळण.

चौदाव्या दशकातील कवित्वकलेच्या समासात मात्र हवा पालटते. तेथे कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले आहेत. मनाला येईल ते बळेच रचलेले कवित्व धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखाच उतारा केलेले ते पाठ. विरक्ताच्या अंतरातून भगवंताच्या अनुभवाने जे सहज निघते ते प्रासादिक. पहिल्या दोहोंची किंमत रामदासांच्या लेखी कमी आहे. अक्षराच्या बाबतीत जे वाखाणले, म्हणजे नमुना समोर ठेवून तसेच करणे, त्याचाच कवित्वाच्या बाबतीत अधिक्षेप झाला. रामदासांच्या दृष्टीने यात विसंगती नाही. प्रासादिक कवीही साधना करतो, फक्त ती शब्दांची साधना नसते. परंतु पुढच्या काळात साधना गळून पडली आणि प्रसाद तेवढा उरला. इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्याशी परिचय झाल्यावर या प्रसादाचे लौकिक रूप ‘स्फूर्ती’ या नावाने आधुनिक समीक्षेत स्थिरावले.

या धारणेला छेद देण्याचा लक्षणीय प्रयत्न ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाने केला. प्रतिभेच्या शेजारी ‘साधन’ हा शब्द ठेवणे हीच त्या काळी एक भूमिका होती. परंतु फडक्यांच्या विवेचनात अभ्यास म्हणजे मुख्यतः कथानकाच्या बांधणीचे तंत्र, अशी धारणा बळावली. नवकथेच्या काळात ‘तंत्र’ हा शब्दच निंदाव्यंजक झाला आणि त्याच्याबरोबर अभ्यासाचा विचारही बदनाम झाला. तंत्राला दिलेला नकार समर्थनीय होता. त्याबरोबर अभ्यासाचीही उपेक्षा झाली, ही हानी अजून भरून निघालेली नाही.

लेखनक्रियेच्या समासातील आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावे हा उपदेश तेथे ब्राह्मणाला उद्देशून आहे. त्या समाजरचनेत लेखनाचा सराव कोणी करायचा हे आधीच ठरलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत लेखणी, पोथी आणि पाठांतर होते, तिथल्या मुलाला अभ्यास हा अभ्यास म्हणून जाणवतही नाही. तो त्याला हवेसारखा मिळतो. असा मुलगा चांगले लिहू लागला की आपण त्याला उपजत देणगी आहे असे म्हणतो. ज्या घरात पहिले पुस्तक शाळेतूनच आले, तिथल्या मुलाजवळ ही देणगी ‘नसते’. वारशाने मिळालेल्या सरावाला निसर्गाचे नाव देणे, हा या शब्दाच्या वापरातला सर्वांत गंभीर दोष आहे.

४

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अभ्यासाची साधने नसतानाही थोर लेखन झाले त्याचे काय? बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे नाव या वेळी हटकून निघते. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली, आणि नैसर्गिक प्रतिभेचे निर्विवाद उदाहरण म्हणून ती पाठ्यपुस्तकांत कायमची बसली.

पण निरक्षर म्हणजे अनभ्यस्त असे समीकरण कोणी सिद्ध केले? ओवी ही जात्यावरची रचना आहे. पहाटे दळायला बसलेल्या आईसमोर मुलगी खुंट्याला हात लावून बसते, ऐकते, साथ करते, मग स्वतःची ओळ जोडते. हे रोजचे असते आणि वर्षानुवर्षे चालते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. एकच ओवी गावोगावी आणि बाईगणिक कशी रूपे पालटते, हे त्या संग्रहातून दिसते. ठरलेला छंद, ठरलेली संबोधने, हाताशी असलेली पहिली ओळ आणि स्वतःच्या आयुष्यातून आणलेली पुढची ओळ. याहून शिस्तशीर अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाने आखला आहे? सर्व दळणाऱ्या स्त्रिया बहिणाबाई झाल्या नाहीत हे खरे, आणि त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे. पण बहिणाबाई या अभ्यासाविना झाल्या हे मात्र खरे नाही.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्याविषयीची ‘दीड दिवसाची शाळा’ ही आख्यायिका अशाच कौतुकाने सांगितली जाते. कौतुकामागचा हेतू चांगला असेल, पण त्याचा परिणाम घातक आहे. वाटेगावच्या या लेखकाने तमाशाच्या फडात काम केले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. लावणी, पोवाडा आणि वग रचून ते कामगारांच्या जमावापुढे सादर केले. वगातला संवाद फसला तर समोरचा प्रेक्षक त्याच क्षणी तसे कळवतो. मम्मटाने सांगितलेला ‘काव्यज्ञ’ येथे समूहाच्या रूपात बसलेला आहे, एवढेच. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी या प्रदीर्घ उमेदवारीनंतर आली. तिच्यातली निवेदनाची गती, प्रसंगाचा उठाव, संवादातली फेक ही फडावर कमावलेली आहे. दीड दिवसाच्या शाळेचा चमत्कार सांगताना आपण ही सारी मेहनत पुसून टाकतो. चमत्कार म्हटले की त्या समाजातल्या इतरांसाठी काही करण्याची जबाबदारीही उरत नाही.

याचे आणखी जवळचे उदाहरण पनवेल-उरणच्या आगरी वस्तीत मिळते. येथील लग्नविधींत धवलारीण धवळे गाते. कोणत्या विधीला कोणता धवळा, कुठे नावे गुंफायची, कुठली ओळ दुहेरी घ्यायची, हे ती जुन्या धवलारणीच्या शेजारी बसून शिकते. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिला मान देतो त्या महदंबेची रचनाही ‘धवळे’ याच नावाने ओळखली जाते. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी तिने ते रचून गायिले. वाङ्मयेतिहासात ही रचना उत्स्फूर्त म्हणून नोंदली गेली. प्रसंगी रचता येण्यासाठी तो साचा आधी कंठात असावा लागतो. विवाहगीतांची परंपरा आधीपासून नांदत असल्याविना असे उत्स्फूर्त धवळे संभवत नाहीत. उत्स्फूर्तता हे अभ्यासाचे एक परिपक्व रूप आहे, असे यावरून म्हणता येते.

५

येथवरच्या विवेचनावरून कोणताही अभ्यास पुरेसा असतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. अभ्यासानेही माणूस जागच्या जागी राहू शकतो. म्हणून अभ्यासाचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. एक वळण बसवणारा आणि दुसरा बसलेले वळण मोडणारा.

पहिल्या प्रकाराचे उत्तम दर्शन पनवेलच्या दक्षिणेला, पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत होते. मूर्तीचे अंग साच्यातून निघते. घासकाम आणि रंगकाम अनेक हातांतून जाते. डोळ्यांची आखणी मात्र अनुभवी हातालाच सोपवली जाते, कारण एकाच साच्यातल्या मूर्तींचे भाव त्या दोन रेषांनी ठरतात. असा हात पाहिला की लोक त्याला देवाची देणगी म्हणतात. वस्तुतः किरकोळ कामांपासून सुरू झालेली ती वर्षांची वाट असते. येथे अभ्यासाचे उद्दिष्ट सातत्य हे आहे. पहिल्या मूर्तीचा डोळा जसा, तसाच शेवटचीचा. रामदासांनी अक्षराविषयी जी अपेक्षा ठेवली तीच ही. या सातत्याला कमी लेखण्याचे कारण नाही, पण नवनिर्मितीचे उद्दिष्ट याहून वेगळे आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या नागावला जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्याकडे पाहता येईल. सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले, म्हणजे वळण बसवणारा अभ्यास त्यांनी पूर्ण केला होता. त्यानंतरचा त्यांचा प्रवास हे वळण तपासण्याचा आहे. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हा त्यांचा मराठी ग्रंथ चित्राच्या पूर्वीच्या अवस्थेचा, वस्तू आणि अवकाश यांच्या संबंधांचा शोध घेतो. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात चित्रांबरोबर त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. चित्रकार लिहून विचार करतो आणि लिहितालिहिता पाहायला शिकतो, याचा तो पुरावा होता. आपल्या लेखकांच्या खोडलेल्या वह्या अशा रीतीने कोणत्या दालनात मांडल्या गेल्या आहेत?

लेखनात हे दोन्ही अभ्यास एका ठिकाणी पाहायचे तर मोरोपंतांकडे (१७२९-१७९४) वळावे लागते. त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली, आणि त्यांतील अनेकांवर स्वतःच बंधने घालून घेतली. आपल्या समीक्षेने याची गणना पांडित्याच्या कसरतीत केली, आणि तो निर्णय बव्हंशी मान्य करावा लागतो. तरीही निरोष्ठ रामायणाच्या बंधनाचा अर्थ क्षणभर मनात आणावा. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणजे ‘म’ वर्ज्य, म्हणजे रामकथेत ‘राम’ हाच शब्द वर्ज्य. सवयीने जिभेवर येणारे नाव बंद झाले की कवीला भाषेच्या न वापरलेल्या खोल्या उघडाव्या लागतात. हे बसलेले वळण मोडणेच आहे. उत्तरायुष्यातील ‘केकावली’त जी आर्तता पंडिती रचनेला न जुमानता वर येते, तिला शब्द अडत नाहीत. या अडथळ्याविना येण्यामागे शंभर रामायणांची कसरत उभी नसेल, असे खात्रीने कोणी म्हणू शकेल काय?

व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचा दाखला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. ते लिहीत तसेच रेखाटनेही करीत. रेखाटन करणाऱ्याला कोणती रेषा काढायची यापेक्षा कोणती सोडायची हे आधी शिकावे लागते. ‘माणदेशी माणसे’ (१९४९) मधील व्यक्ती मोजक्या तपशिलांत उभ्या राहतात. चेहऱ्याचे सविस्तर वर्णन नसते, एखादी लकब, एखादे बोलणे असते आणि बाकी कागद कोरा असतो. एका कलेतला अभ्यास दुसऱ्या कलेत असा झिरपतो. लेखनाची उमेदवारी केवळ लेखनातच होते असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

६

आता राखून ठेवलेला मुद्दा. सर्व दळणाऱ्या स्त्रिया बहिणाबाई झाल्या नाहीत. एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, तितक्याच कागदांवर हात फिरवणारी दोन मुले सारखे चित्र काढत नाहीत. हा उरलेला फरक अभ्यासाच्या हिशेबात बसत नाही आणि तो बसवण्याचा आग्रहही धरू नये. त्याला प्रतिभा म्हणावे, हे मला मान्य आहे. प्रश्न त्या शब्दाच्या वापराच्या वेळेचा आहे. अभ्यासाच्या संधी समान झाल्यावर जे उरते त्याला हा शब्द लागू पडतो. म्हणजे तो मागे वळून पाहताना वापरायचा शब्द आहे. सुरुवातीलाच, कोणाला शिकवावे आणि कोणाला सोडून द्यावे हे ठरवण्यासाठी, आपण तो वापरतो तेव्हा निष्कर्षाचा निकष करतो.

शिवाय या उरलेल्या फरकातला एक भाग तरी आपल्या आवाक्यातला आहे. राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले, एक निर्माण करणारी आणि दुसरी पारखणारी. कवीच्या दिवसातला चौथा प्रहर हा या दुसरीचा आहे. आपल्या लेखनातले फसलेले स्थान ज्याला दिसते तो ते सुधारतो, ज्याला दिसत नाही तो फसलेले तेच गिरवत राहतो. रामदासांच्या धीट आणि पाठ कवींचे वैगुण्य मला येथे जाणवते. त्यांच्या दिवसाला चौथा प्रहर नाही. ही पारखणारी नजर काहींना लवकर येते, पण ती दुसऱ्याकडून उसनीही घेता येते. कलाशिक्षक हंड्याच्या तोंडावर बोट ठेवतात तेव्हा ते मुलाला आपली नजर उसनी देत असतात. काही वर्षांनी ती मुलाची स्वतःची होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी अध्यापनात नवा असताना, खाडीकाठच्या एका गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एक कथा आणून दिली होती. लग्नघरातली एक रात्र असा तिचा विषय होता. तीत एक वाक्य दर परिच्छेदाच्या शेवटी थोड्या फरकाने परत येत होते. मी ती सर्व ठिकाणे लाल शाईने खोडली आणि खाली ‘पुनरुक्ती फार, भाषेवर प्रभुत्व नाही’ असे लिहिले. तो मुलगा कथा परत घेऊन गेला आणि दुसरी त्याने आणली नाही. धवळ्यांची रचना मी लक्षपूर्वक ऐकली ती बऱ्याच काळाने. दर वेळी किंचित बदलून परतणारी ओळ हाच त्या रचनेचा कणा असतो. त्या मुलाजवळ अभ्यास होता, लहानपणापासून कानांतून झालेला. तो ओळखण्याइतकी व्युत्पत्ती माझ्याजवळ नव्हती. त्याच्या कथेत दोष नव्हते असे नाही. पण मी खोडले ते दोष नव्हते.

म्हणून या विवेचनाचा शेवट एका साध्या सूचनेत करतो. आपण विद्यार्थ्यांकडून लेखनाची पक्की प्रत तेवढी मागतो, कच्चा खर्डा पाहण्यास मागत नाही. कलेच्या वर्गात कच्चे रेखाटन हा अभ्यासाचा भाग असतो, साहित्याच्या वर्गात ती लपवण्याची वस्तू झाली आहे. पदव्युत्तर वर्गात एखाद्या सत्रात तरी तीन खर्डे मागावेत, पहिल्यावर शेरा न लिहिता प्रश्न लिहावेत, आणि शिक्षकाने स्वतःच्या लेखाचा खोडाखोडीचा कागदही वर्गात फिरवावा. यातून किती कवी निर्माण होतील हे सांगता येणार नाही. निदान ज्यांच्या अभ्यासाला अजून संधीच मिळालेली नाही, त्यांच्या वहीवर ‘प्रतिभा नाही’ असा निकाल लिहिताना आपला हात थांबेल.